वाडीचं दक्षिणद्वार

जुलै लागला की कोल्हापूर-सांगलीच्या पेपरांत दोन बातम्या हटकून एकाच पानावर येतात. पहिलीत पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी, पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची संख्या आणि नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा. दुसरीत नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात दक्षिणद्वार सोहळा झाला, भाविकांनी स्नानासाठी गर्दी केली, एवढं. बाहेरच्या माणसाला या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे चटकन लक्षात येत नाही. आमच्या तालुक्यात मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पाणी तेच आहे.

मी कुरुंदवाडची. वाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, मध्ये फक्त पंचगंगा. सरकारी कागदावर नृसिंहवाडी, एसटीच्या पाटीवर नरसोबाची वाडी आणि आमच्या तोंडी नुसती वाडी. कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका म्हणजे नद्यांच्या पाण्यावर वाढलेला आणि नद्यांच्याच पाण्यात बुडणारा मुलूख. कृष्णा महाबळेश्वराहून निघते, कराडला कोयना घेते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा घेते आणि आमच्याकडे येते. पंचगंगा पश्चिमेकडून येते, तीही एकटी नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच जणी मिळून ती झालेली. या दोघींच्या संगमाच्या बेचक्यात, कृष्णेच्या काठाला अगदी खेटून दत्ताचं देऊळ आहे.

देऊळ पाहायला जाणारा नवा माणूस जरा गोंधळतो. उंच शिखर नाही, लांबून दिसणारा कळस नाही. गावातून पेढ्यांच्या दुकानांच्या रांगेतून चालत जायचं, पायऱ्या उतरायच्या, आणि आपण नदीकडे चाललोय की देवाकडे हे कळायच्या आत औदुंबराखाली, बुटक्या गाभाऱ्यासमोर उभं राहायचं. आत मूर्ती नाही. दगडी पादुका आहेत. त्यांना मनोहर पादुका म्हणतात. गाभाऱ्याचं दार इतकं लहान की पुजाऱ्यांनाही वाकून आत जावं लागतं. बाकीच्यांनी बाहेरूनच दर्शन घ्यायचं. तिथून पुढे आणखी थोड्या पायऱ्या उतरल्या की कृष्णेचं पाणी.

एवढं खाली, एवढं नदीच्या अंगावर देऊळ कुणी बांधतं का? बांधणाऱ्यांना पूर माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. नदीकाठची जुनी माणसं पाण्याची रेघ पाहूनच घराचं जोतं घालत. माझं आपलं मत असं, की इथे पूर येतो हे माहीत असूनच देऊळ इथे राहिलं. पुराला अडवण्याऐवजी त्याला पूजेत जागा करून दिली. तीच जागा म्हणजे दक्षिणद्वार.

होतं ते असं. कृष्णा वाडीला उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पाणी चढायला लागलं की एकेक पायरी बुडत जाते. मग ते देवळाच्या आवारात शिरतं. उत्तरेच्या बाजूने आत येतं, पादुकांवरून वाहत जातं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दाराशी उभं राहून अंगावर ते पाणी घ्यायचं, की दक्षिणद्वाराचं स्नान घडलं. एरवी देवाच्या पायांचं तीर्थ पळीभर मिळतं, तेही ओंजळ पुढे करून. इथे अख्खी नदी तीर्थ होऊन अंगावर येते. नदी स्वतः येऊन देवाला अभिषेक घालते, अशी त्यामागची समजूत.

पण त्याला माप असतं. पाणी कमी असेल तर ते पादुकांपर्यंत पोचत नाही आणि फार झालं तर गाभाराच बुडतो. मग दार कुठलं आणि स्नान कुठलं! या दोन रेघांच्या मधलं पाणी असेल तेवढाच वेळ सोहळा. कधी अर्धा दिवस, कधी त्याहून कमी. पाणी मुहूर्त बघत नाही, त्यामुळे मध्यरात्री दोन वाजताही दक्षिणद्वार होतं आणि माणसं अंधारात, पावसात, टॉवेल खांद्यावर टाकून येतात. त्यातही दोन प्रकार. पाणी वाढत असताना होतं ते चढतं दक्षिणद्वार, ओसरताना होतं ते उतरतं. जोराच्या पावसाळ्यात हे एकाच वर्षी पुन्हा पुन्हा होतं आणि एखाद्या कोरड्या साली नाव नाही.

माझी आत्या या स्नानासाठी काहीही करायला तयार असे. तिला वाडीतून कुणीतरी निरोप द्यायचं. आधी माणसाकरवी, मग दुकानाच्या फोनवर, आता मोबाइलवर. निरोप आला की ती हातातलं काम टाकून उठे. एकदा पुरणाचं पातेलं चुलीवर तसंच ठेवून गेली आणि पुरण खाली लागलं. परत आल्यावर आईने जे ऐकवलं ते तिने शांतपणे ऐकून घेतलं, कारण स्नान झालं होतं.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, याच्या बरोबर उलट. आमची मळी पंचगंगेच्या काठाला. मळी म्हणजे पुराच्या गाळाची जमीन. काळी, मऊ, काहीही पेरा आणि घ्या. कृष्णाकाठच्या वांग्यांचं जे कौतुक सगळीकडे होतं ती वांगी मळीतलीच. पण पुराने दिलेली जमीन पहिल्यांदा पुरातच जाते. पाणी पात्राबाहेर पडलं की आबा काठाला एक काठी रोवायचे आणि तासाभराने जाऊन बघायचे. पाणी काठीच्या पुढे गेलं की घरात कुणी त्यांच्याशी बोलत नसे. ऊस पाण्यात उभा राहू शकतो, चार-आठ दिवस त्याला काही होत नाही. पण पाणी शेंड्यावरून गेलं आणि पोंग्यात गाळ बसला की तो कुजतो. आत्या अंघोळीला निघायची तेव्हा आबा पोंग्याचा हिशेब करत असायचे. दोघं सख्खे बहीण-भाऊ, एकाच घरातले.

आता हा देव नदीकाठी आला कसा, ते सांगते. दत्त संप्रदायात श्रीनृसिंह सरस्वती हे दत्ताचा अवतार मानले जातात. जन्म विदर्भातल्या कारंज्याचा, संन्यास काशीला. देशभर फिरून ते कृष्णाकाठी आले. सांगली जिल्ह्यातल्या औदुंबरला त्यांनी एक चातुर्मास काढला आणि पुढे वाडीच्या संगमावर बारा वर्षं राहिले, असं परंपरा सांगते. इथून ते भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूरला गेले. तिन्ही मुक्काम नदीचे आणि तिन्हीकडे मागे राहिल्या त्या पादुका. औदुंबरच्या विमल, वाडीच्या मनोहर, गाणगापूरच्या निर्गुण. सरस्वती गंगाधराने लिहिलेल्या ‘गुरुचरित्रा’त या सगळ्या कथा आहेत. महाराष्ट्रात ज्या घरात सप्ताह बसतो त्या घराला वाडी पाहिलेली नसली तरी वाडीचा भूगोल पाठ असतो.

त्यातली सगळ्यात लाडकी कथा घेवड्याची, अठराव्या अध्यायातली. वाडीसमोर कृष्णेच्या पलीकडे अमरापूर नावाचं गाव होतं. आजचं औरवाड ते हेच, अमरेश्वराचं देऊळ तिथे आजही आहे. त्या गावात एक वेदपाठी ब्राह्मण राहायचा. कोरडी भिक्षा मागून आणायची आणि त्यावर संसार चालवायचा. दारात घेवड्याचा वेल होता. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी घरातली सगळी घेवड्याच्या शेंगा शिजवून खात. एके दिवशी स्वामी भिक्षेला आले. घरात दाणा नव्हता, म्हणून बाईने घेवड्याची भाजी वाढली. स्वामी जेवले, तृप्त झाले, आणि निघताना त्यांनी तो वेल मुळापासून तोडून टाकला.

इथे माझी आजी कथा थांबवायची आणि आमच्याकडे बघायची. आम्ही पोरं खवळलेलो असायचो. जेवून गेलेल्या माणसाने असं करावं? त्या बाईनेही कथेत टाहो फोडलाच आहे. नवऱ्याने तिला समजावलं आणि वेलाचं उरलेलं मूळ काढायला म्हणून खणायला बसला, तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ. दारिद्र्य जावं म्हणून हा अध्याय रोज वाचणारी माणसं मला माहीत आहेत. पारायणाच्या सांगतेला नैवेद्यात घेवड्याची भाजी करतात ती याच आठवणीने. मला मात्र त्या कथेत धनापेक्षा वेल खरा वाटतो. पुरानंतर मळीतला भाजीपाला मुळासकट गेलेला आणि त्याच जागेवर बोटभर नवा गाळ बसलेला आम्ही दर दोन-चार वर्षांनी बघतो. ही कथा कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला कीर्तनकार लागत नाही.

त्याच्या पुढच्या अध्यायातली कथा आणखी अद्भुत आहे. स्वामी गावात भिक्षेला फारसे दिसत नाहीत, मग दुपारी जेवतात कुठे, असा लोकांना प्रश्न पडला. कुणी पाळत ठेवली, पण भीतीने पळून गेले. गंगानुज नावाचा एक कुणबी आपल्या शेतात राखणीला असे. त्याने पाहिलं की माध्यान्हीला नदीतून चौसष्ट योगिनी बाहेर आल्या, नदी दुभंगली आणि स्वामी तिच्यातून वाट काढत गेले. हा बिलंदर माणूस मागोमाग आत शिरला. नदीच्या पोटात रत्नांनी मढवलेलं नगर होतं. तिथे योगिनींनी स्वामींची पूजा केली, आरती केली, जेवू घातलं. स्वामींनी गंगानुजाला पाहिलं, पण रागावले नाहीत. पाहिलंस ते कुणाला सांगू नको, एवढं म्हणाले. पुढे त्याचंही दैन्य फिटलं. स्वामी गाणगापूरला निघाले तेव्हा याच योगिनींनी वाट अडवली आणि त्यांच्यासाठी म्हणून औदुंबर आणि पादुका इथे राहिल्या.

म्हणजे कथेचा हिशेब मांडला तर असा, की खरं देऊळ नदीच्या पोटात आहे आणि काठावर आपण पाहतो ते मागे राहिलेलं. पुराच्या दिवसांत गाभारा पाण्याखाली जातो तेव्हा वाडीची जुनी माणसं बुडाला असं म्हणत नाहीत. योगिनी पूजेला आल्या, म्हणतात. आत्याचाही या गोष्टीवर पक्का विश्वास.

शिरोळ गावातली कथा त्यामानाने साधी, म्हणूनच मला जवळची. स्वामी शिरोळला एका गरिबाच्या घरी भिक्षेला गेले. घरात वाढायला होत्या त्या जोंधळ्याच्या कण्या आणि ताट तर नव्हतंच. मग एका दगडी शिळेवर वाढलं आणि स्वामी त्यावरच जेवले. त्या शिळेवर बोटांच्या खुणा उमटल्या, असं मानतात. शिरोळच्या भोजनपात्र मंदिरात ही शिळा पुजली जाते. सिंहासन पुजतात, शस्त्र पुजतात, पण जेवलेलं दगडी ताट पुजणारं देऊळ दुसरीकडे कुठे असलं तर मी पाहिलेलं नाही. वाडीला जाणारे बहुतेक लोक गाडीतून शिरोळ ओलांडून जातात. थांबावं.

पादुकांची पूजा कुणी करायची, तर आलास गावच्या भैरंभटाने, असं स्वामींनीच सांगितल्याची परंपरा आहे. भैरंभटांना मूल नव्हतं, उतारवयात मुलगा झाला आणि त्याच वंशाकडे आजही पूजा आहे. वाडीत पुजारी हे आडनावही आहे आणि कामही. पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत दिवस बांधलेला असतो. मधे दुपारची महापूजा, संध्याकाळी धूप आणि पदं म्हणत निघणारी पालखी. पालखीच्या वेळी जी करुणात्रिपदी म्हटली जाते ती वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामींची. ते सावंतवाडीजवळच्या माणगावचे. जन्म १८५४ चा. त्यांनी देह ठेवला तो १९१४ साली, नर्मदेकाठी गरुडेश्वरला. तीही नदीच. या संप्रदायातली माणसं नदी सोडून फार लांब जातच नाहीत.

आता आदिलशहा. वाडीचं देऊळ विजापूरच्या आदिलशहाने बांधलं, असं इथला कुणीही सांगेल. त्याच्या मुलीची दृष्टी गेली होती. हकीम झाले, वैद्य झाले, शेवटी कुणीतरी वाडीचं नाव सांगितलं. बादशहाने पादुकांना नवस केला आणि मुलीला दिसायला लागलं. मग त्याने देऊळ बांधून दिलं, म्हणून त्याला शिखर नाही आणि त्याची घडण थोडी मशिदीसारखी. समोरची औरवाड आणि गौरवाड ही गावंही देवाला इनाम दिली. नवसाची गोष्ट प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. पण आदिलशहा आणि दत्त ही जोडी ऐकून ज्यांच्या भुवया वर जातात त्यांनी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची माहिती काढावी. १५८० ते १६२७ हा त्याचा काळ. संगीताचा नादी माणूस. ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ त्याचा, त्यात सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. विजापूरच्या किल्ल्यात नरसिंहाचं देऊळ आहे, त्याचं नातंही त्याच्याशीच जोडतात. असा राजा जवळच असताना लोकांनी ही कथा हवेतून काढली असं म्हणवत नाही.

आणि आमच्या भागाला यात काही नवलही वाटत नाही. कुरुंदवाडात गणेशोत्सवात काही मशिदींत गणपती बसतो. मोहरम आणि गणपती एकाच सुमाराला आले की पंजे आणि गणपती एकाच छताखाली असतात, आरती होते, खिचडा आणि मोदक दोन्ही वाटतात. टीव्हीवाले दरवेळी कॅमेरा घेऊन येतात आणि मोठमोठे शब्द वापरतात. गावात कुणी मोठे शब्द वापरत नाही. वर्गणी कुणाकडे किती राहिली यावर मात्र भांडणं होतात.

वाडीला आलेल्या माणसाने हाताशी अर्धा दिवस असेल तर खिद्रापूरला जावं, हे माझं आग्रहाचं सांगणं. तीच कृष्णा, तोच तालुका, थोडी खालच्या अंगाला. तिथलं कोपेश्वराचं देऊळ वाडीहून कितीतरी जुनं, शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. समोरचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आणि मधोमध वर गोल उघडा, तिथून थेट आभाळ दिसतं. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलाच्या बरोबर वर येतो आणि खालच्या गोल शिळेवर चांदणं पडतं. ते बघायला आता गर्दी होते. देवळाच्या पायाशी हत्तींची रांग आहे, सगळं देऊळ पाठीवर घेतल्यासारखी. शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही. त्याचीही कथा आहे. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली. तो यज्ञ झाला नदीपलीकडच्या यडूरला, आताच्या कर्नाटकात. नंदी तिकडेच राहिला. सतीने देह टाकल्यावर शंकर कोपून इथे येऊन बसले, तो कोपेश्वर. त्यांची समजूत घालायला विष्णू आले, ते धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघंही शेजारी आहेत. रुसलेल्या देवाशेजारी समजूत घालणारा देव कायमचा बसवून ठेवायची ही कल्पना मला फार आवडते.

देवळाबाहेर यादवराजा सिंघणाचा शके ११३६ चा संस्कृत शिलालेख आहे. त्यात कोपेश्वराच्या पूजेसाठी दिलेल्या कूडलदामवाड गावाचा उल्लेख येतो आणि ते गाव म्हणजे आजचं कुरुंदवाड, असं मानतात. आबांना हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे मळीचा सारा आठशे वर्सं थकलाय की आपला!”

पुराकडे पुन्हा येते, कारण त्याच्याविषयी बोलल्याशिवाय वाडीविषयी बोलता येत नाही. इथला पूर एका नदीचा नसतो. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि पंचगंगा फुगते. तिकडे कोयनेतून पाणी सुटलं, वारणेतून सुटलं की कृष्णा फुगते. दोन्हींचं पाणी एकाच वेळी आलं की संगमावर कृष्णा पंचगंगेला पुढे सरकू देत नाही. पंचगंगेच्या पाण्याला फुग येते आणि ते मागे, आडवं, शेतांत पसरतं. म्हणून शिरोळ तालुक्यात पाऊस थांबून ऊन पडलं तरी पाणी वाढतच असतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. २००५ साली आम्हाला वाटलं होतं की हा शेवटचा मोठा पूर, याहून मोठा काय येणार! मग २०१९ आला आणि लगेच दोन वर्षांनी २०२१.

अशा वर्षी दक्षिणद्वाराचं कौतुक फार वेळ टिकत नाही. एकदा होतं, पाणी वर जातं, गाभारा दिसेनासा होतो. उत्सवमूर्ती आधीच हलवलेली असते, पाणी चढायला लागलं की ती वरच्या अंगाला नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजा-आरत्या तिथे सुरू राहतात. तिथवर पाणी आलं तर आणखी वर. देवाचं हे बिऱ्हाड हलवणं वाडीकरांच्या अंगवळणी पडलेलं आहे. दुकानदारांचंही तसंच. खालच्या दुकानांतल्या फळ्या, काटे, कढया असं सगळं ठरल्या क्रमाने वर जातं. २०१९ ला मात्र क्रमबीम राहिला नाही. गावंच्या गावं रिकामी करावी लागली, जनावरं दावणीतून सोडून हाकलावी लागली, होड्या गल्ल्यांतून फिरल्या. आमच्या घरात पाणी माळ्याला टेकलं. आत्याला आम्ही जयसिंगपूरला नातेवाइकांकडे पोचवलं. तिथे ती रोज फोन करून विचारायची, घराचं काय झालं ते नाही, पादुकांवरचं पाणी उतरलं का ते.

मला तेव्हा तिचा रागच आला होता. आता वाटतं, तिला पाणी उतरल्याची खूण एकच ठाऊक होती. हवामान खात्याचे आकडे, धरणाचे क्युसेक हे तिच्या कामाचे नव्हते. देवळाच्या पायऱ्या हीच तिची मोजपट्टी.

आबा आयुष्यात चढत्या दक्षिणद्वाराला कधी गेले नाहीत. आत्या त्यांना दरवर्षी डिवचायची, ते ऐकून घ्यायचे. एकदाच उत्तर दिलं. “चढत्याला जाऊन काय करू? आनि वाढ म्हनून सांगू व्हय पान्याला?” पण उतरत्याला ते जायचे. काठी रोवलेल्या जागेपासून पाणी मागे गेलं की मग कुणाला न सांगता सायकल काढायचे, ओल्या केसांनी परत यायचे आणि येताना पाव किलो कवठाची बर्फी आणायचे. उतरत्याला गर्दी कमी असते, हे त्यांनी दिलेलं कारण.

पाणी ओसरल्यावरची वाडी पर्यटकांना दिसत नाही, ती पाहण्यासारखी असते. सगळ्या आवारात घोटाभर गाळ, त्याला एक आंबूस वास. पुजारी, सेवेकरी, गावातली पोरं फावडी घेऊन उतरतात, पंप लावून पाण्याच्या फवाऱ्याने पायऱ्या धुतात. गाळ ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की फरशीला धरून बसतो. मग पहिली महापूजा होते. दुकानं खाली उतरतात, बासुंदीच्या कढया पुन्हा चुलाणावर चढतात.

जायचंच असेल तर केव्हा जावं, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. दत्तजयंती आणि गुरुद्वादशीला उत्सव असतो आणि त्याला शोभेल अशी गर्दीही. निवांत दर्शन हवं असेल तर थंडीतला साधा सोमवार-मंगळवार बरा. गुरुवार टाळा. दक्षिणद्वारासाठी मुद्दाम गाडी काढून धावत येऊ नका, हे माझं स्पष्ट मत. तुम्ही पोचेपर्यंत पाणी रेघेवर राहील याची हमी कुणी देत नाही. औरवाडचा जुना पूल तर पाण्याखाली जाणाऱ्यांत पहिला. पूर बघायला आलेल्यांच्या गाड्या बाहेर काढण्यात गावातल्या पोरांचा दिवस जातो.

त्यापेक्षा कन्यागताची वाट बघा. गुरू कन्या राशीत आला की कृष्णेचं पर्व सुरू होतं, दर बारा वर्षांनी. त्या काळात गंगा कृष्णेला भेटायला येते अशी श्रद्धा आहे आणि वाडीची उत्सवमूर्ती पालखीतून शुक्लतीर्थावर स्नानाला नेतात. मागचं पर्व २०१६ साली झालं, पुढचं २०२८ ला. आत्याने आतापासून सांगून ठेवलंय, शुक्लतीर्थापर्यंत तिला चालवणार नाही, तेव्हा रिक्षा सांगायची. आणि रिक्षावाला कुरुंदवाडचाच हवा, वाडीचे त्या दिवसांत फार पैसे घेतात.